कॉलेजात भेदभाव झाला तर तक्रार कशी करायची: पहिल्या टिपणापासून अपिलापर्यंत

"सरले सांगतलं होतं, पाह्यतो म्हणे." तालुक्याच्या कॉलेजातला पोरगा किंवा पोरगी इथपर्यंत येते आणि तिथंच अडकते. घडलेलं खरं असतं, पण कागद नसतो. कागद असला तर तारीख नसते, तारीख असली तर पोच नसते, आणि पोच असली तर अर्ज भलत्याच समितीकडे गेलेला असतो. चार महिन्यांनी विचारायला जावं तर ऑफिसातून उत्तर मिळतं, "असा काही अर्ज आमच्याकडे आलेला नाही."

म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. एखादा गाळून पुढे गेलात तर पुढच्या टप्प्यावर तोच आडवा येतो.

टप्पा १: झालं ते भेदभावात बसतं का, आधी हे पाहा

भेदभाव म्हणजे जातीवरून शिवी, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. बाकीचं "असंच चालते" म्हणून सोडून दिलं जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१२ च्या समानताविषयक विनियमांत यापेक्षा कितीतरी जास्त गोष्टी बसतात. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांबाबत त्यांनी नावानिशी मनाई केलेले काही प्रकार असे:

- वर्गात विद्यार्थ्याची जात, जमात, धर्म किंवा प्रांत जाहीर करणं
- "राखीववाले", "सवलतीवाले" असा शिक्का मारणं
- कमी मार्कांचं कारण म्हणून जातीकडे किंवा पार्श्वभूमीकडे बोट दाखवणं
- वर्गात वेगळं बसवणं. ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान, होस्टेल किंवा मेसमध्ये वेगळी वागणूक देणं
- शिक्षकांना भेटण्यासाठी कमी वेळ देणं
- जाहीर फीपेक्षा जास्त पैसे मागणं, कागदपत्रं अडवून ठेवणं

पहिला प्रकार आपल्याकडे दरवर्षी घडतो. महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची वेळ आली की वर्गात येऊन सांगितलं जातं, "एस.सी.वाले उभे राहा, एस.टी.वाल्यांनी उद्या या." सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण साठ पोरांसमोर उभं राहिलेल्या मुलीच्या मनावर त्या क्षणाचा वळ उमटतो, आणि तो वर्ष सरलं तरी जात नाही. शिष्यवृत्तीची सूचना रोल नंबर लावून फलकावर देता येते. हे थांबवा असा अर्ज करणं रास्त आहे.

जातीखेरीज धर्म, भाषा, लिंग आणि दिव्यांगत्व यांवरून दिलेली वेगळी वागणूकही या विनियमांत येते. मेळघाटातून आलेल्या कोरकू मुलाच्या किंवा भामरागडहून आलेल्या माडिया मुलीच्या मराठीची वर्गात नक्कल करून हसणं, ही निव्वळ थट्टा धरू नका.

तपासा: शिक्षक सगळ्यांनाच कडक आहेत, पेपर सगळ्यांचाच उशिरा तपासला, असं असेल तर ती सर्वसाधारण तक्रार झाली. तीही करता येते, पण तिचं दार वेगळं. "माझ्यासारख्यांना वेगळं वागवलं" हे दाखवता येत असेल तर ती भेदभावाची तक्रार.

टप्पा २: त्याच रात्री टिपण करा

एसटीतून घरी पोचल्यावर, जेवणाआधी किंवा जेवणानंतर, पण त्याच दिवशी. पाठकोऱ्या कागदावर नको. वहीत लिहा, म्हणजे पान सुटं होत नाही. तारीख, वार, अंदाजे वेळ, जागा, कोण काय बोललं आणि तिथे कोण कोण होतं, एवढं त्यात यायला हवं.

बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा. वऱ्हाडीत बोलले असतील तर वऱ्हाडीतच, शिवी असेल तर शिवीसकट. लाजून "अपशब्द वापरले" असं लिहाल, तर पुढे सुनावणीत "नेमके कोणते?" असं विचारल्यावर दोन महिन्यांपूर्वीचे शब्द आठवणार नाहीत. शब्द बदलला की समोरचा म्हणणार, साक्ष फिरली.

हजर असलेल्यांची नावं सगळी लिहा. पुढे साक्ष देणारे कोणते आणि न देणारे कोणते, हे आत्ता ठरवू नका. आज घाबरलेला मित्र महिनाभराने बोलायला तयार होतो.

टप्पा ३: कागद जमवा, मूळ प्रत हातची सोडू नका

काय लागेल हे प्रकारावर अवलंबून आहे. प्रॅक्टिकलला बसू दिलं नसेल तर जर्नलचं ते पान, ज्यावर सही नाही. फीचा प्रश्न असेल तर पावती, आणि पावती दिलीच नसेल तर तसं लिहून. होस्टेलची खोली नाकारली असेल तर यादीचा फोटो. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज असेल तर स्क्रीनशॉट घ्या, शिवाय मूळ चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे.

रेकॉर्डिंग असेल तर ते कापू-जोडू नका, आवाज वाढवायलाही जाऊ नका. ज्या फोनवर केलं तो फोन जपून ठेवा. प्रकरण पोलिसांत किंवा कोर्टात गेलं तर डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्या वेळी "फोन विकला" हे उत्तर महागात पडतं.

जातीचा दाखला, ओळखपत्र, प्रवेशाची पावती आणि दिव्यांग असल्यास यूडीआयडी कार्ड यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून एका फाइलमध्ये लावा.

सावधान: पुरावा स्टेटसला टाकू नका. गावच्या ग्रुपवर नाव घेऊन लिहिलं की समोरच्याच्या हातात बदनामीचा मुद्दा मिळतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते. लैंगिक छळाच्या प्रकरणात तर ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे.

टप्पा ४: कोणत्या दारात जायचं ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. प्राचार्यांच्या नावाने एकच अर्ज लिहिला म्हणजे झालं, असं वाटतं. प्रत्येक प्रकाराची समिती वेगळी आणि मुदतही वेगळी आहे.

जात, धर्म, भाषा, लिंग, दिव्यांगत्व यांवरून वेगळी वागणूक: समान संधी केंद्र आणि भेदभाव-विरोधी अधिकारी. २०१२ च्या विनियमांप्रमाणे तक्रारीचा निर्णय ६० दिवसांत व्हायला हवा. जानेवारी २०२६ मध्ये नवे विनियम आले, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्यांना स्थगिती देऊन २०१२ चेच चालू ठेवले. त्यामुळे अर्ज देण्याच्या दिवशी कोणते लागू आहेत ते विचारून घ्या आणि तेच वर्ष अर्जात लिहा.

कागदपत्रं अडवणं, शिष्यवृत्तीत दिरंगाई, प्रवेश, परीक्षा, जादा फी: विद्यार्थी तक्रार निवारण समिती. २०२३ च्या विनियमांप्रमाणे समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. भेदभावाची तक्रारही इथे चालते.

लैंगिक छळ: अंतर्गत तक्रार समिती. घटनेपासून ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते, पण त्या भरवशावर बसू नका. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांमुळे मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही इथे तक्रार करू शकतात. खुद्द संस्थाचालकाविरुद्ध तक्रार असेल तर स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तिची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात मिळते.

सीनियर मुलांकडून छळ: रॅगिंग प्रतिबंधक समिती किंवा २४ तास चालणारी १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन. जात, भाषा, गाव, दिसणं किंवा गरिबी यांवरून केलेला शारीरिक-मानसिक छळ २०१६ पासून रॅगिंगच्या व्याख्येतच आहे. होस्टेलमधल्या बहुतेक प्रकरणांना हे दार सगळ्यात जलद पडतं.

अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून जाहीर अपमान, धमकी किंवा मारहाण: पोलीस ठाणे, अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९. कॉलेजची समिती आणि पोलीस, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. "आधी समितीचा निर्णय येऊ द्या" असं कोणी म्हटलं तर थांबायचं बंधन नाही. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असं २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं आहे. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. अपमान इतरांच्या देखत झाला का, हा या कायद्यात कळीचा मुद्दा असतो. टप्पा २ मधली नावं इथे कामी येतात. राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६.

बंजारा, धनगर, ओबीसी मुलांनी हे ध्यानात घ्यावं: महाराष्ट्रात तुम्ही अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून तक्रारच करता येत नाही, असं नाही. भेदभाव-विरोधी अधिकारी आणि विद्यार्थी तक्रार निवारण समिती तुमच्यासाठीही आहेत. ठाण्यातून परत पाठवलं म्हणून घरी बसणारे खूप पाहिले आहेत.

तपासा: समितीतल्या लोकांची नावं कॉलेजच्या फलकावर आणि वेबसाइटवर असायला हवीत. नसतील तर "समितीचे अध्यक्ष, द्वारा प्राचार्य" असं लिहून अर्ज द्या. नाव माहीत नाही म्हणून अर्ज थांबवू नका.

टप्पा ५: अर्ज लिहा

एक पान, फार तर दीड. मनातला सगळा राग अर्जात ओतला की मुद्दा बुडतो. बहुतेक अर्ज असे येतात:

"प्रा. ___ सर नेहमीच आम्हाला जातीवरून बोलतात आणि खूप त्रास देतात. तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती."

यावर समिती करणार काय? नेहमी म्हणजे कधी? आम्हाला म्हणजे कोणाला? शिक्षक म्हणतील, "मी असं बोललोच नाही," आणि फाइल बंद. तीच गोष्ट अशी लिहा:

"दि. १२ ऑगस्ट रोजी सकाळी ११ च्या सुमारास रसायनशास्त्र प्रयोगशाळेत, बी.एस्सी. भाग २ चे अंदाजे २० विद्यार्थी हजर असताना, प्रा. ___ यांनी मला दुसऱ्या टेबलावरून उठवले व 'तुम्ही सवलतीवाले मागं बसा, तुमच्याच्यानं हे होत नाही' असे म्हटले. त्या वेळी माझ्या शेजारी ___ व ___ उभे होते. त्या दिवशी मला प्रयोग करू दिला नाही. माझ्या जर्नलमध्ये त्या प्रयोगासमोर सही नाही. प्रत जोडली आहे."

दुसऱ्या अर्जात एकही विशेषण नाही. शिक्षकांना नाकारायचं असेल तर आता त्यांना तारीख, जागा, दोन साक्षीदार आणि जर्नलचं पान, सगळंच नाकारावं लागेल.

घटना एकाहून अधिक असतील तर प्रत्येकीला क्रमांक द्या, जुनीपासून नवीपर्यंत. एखादी तारीख नक्की आठवत नसेल तर "दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात" असं लिहा. अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका. त्या दिवशी रविवार निघाला तर बाकी सगळ्या अर्जावर संशय येतो.

मग मागणी. "योग्य ती कारवाई" ही मागणीच नव्हे. काय हवं ते सांगा: राहिलेला प्रयोग पुन्हा करू द्यावा, अंतर्गत गुण दुसऱ्या शिक्षकांकडून द्यावेत, प्रयोगशाळेत वेगळं बसवणं बंद करण्याचे लेखी आदेश काढावेत. दिव्यांग विद्यार्थ्याला लेखनिक नाकारला असेल तर लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, दोन्ही मागा; परीक्षेच्या तारखेआधी निर्णय हवा हेही लिहा.

शेवटी पूर्ण नाव, वर्ग, रोल नंबर, मोबाइल, सही, तारीख आणि जोडलेल्या कागदांची क्रमांकवार यादी.

सावधान: निनावी अर्ज टाकू नका, आणि चाळीस पोरांच्या सह्याही घेऊ नका. त्यातल्या दहांनी दुसऱ्या दिवशी "आम्हाला न सांगता सही घेतली" असं लिहून दिलं की खऱ्याचं खोटं होतं. ज्याच्यावर गुदरलं त्याचा अर्ज, पाहिलेल्या दोघा-तिघांचं वेगळं लेखी निवेदन, इतकं भक्कम पुरतं.

टप्पा ६: पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक-जावक विभागातल्या बाबूला एक द्या आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. "ठेवून जा, साहेब आल्यावर देतो" असं म्हटलं तर नम्रपणे सांगा, "आवक नंबर द्या, मग जातो." नंबर पडलेला कागद गहाळ करणं अवघड असतं.

पोच नाकारली तर वाद घालू नका. त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावतीची सोय मागून घ्या, आणि कॉलेजच्या अधिकृत ई-मेलवर अर्जाचा फोटो पाठवा. पोस्टाची पावती उन्हात पांढरी पडते, म्हणून तिची लगेच झेरॉक्स काढा.

एक प्रत विद्यापीठालाही पाठवा. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीमची कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियाची राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे. चंद्रपूर आणि गडचिरोलीची गोंडवाना विद्यापीठाकडे. लैंगिक छळाची तक्रार मात्र अशी चहूकडे वाटू नका. ती फक्त समितीकडेच द्या.

पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. घटना दुसऱ्या हद्दीत घडली या कारणावरून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावा लागतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

टप्पा ७: मधल्या दिवसांत स्वतःला सांभाळा

अर्ज पडला की दोन गोष्टी होतात. एक, अंतर्गत गुणांची भीती. दुसरी, घरी निरोप.

गुणांसाठी: लैंगिक छळाच्या प्रकरणात समितीकडे अंतरिम संरक्षण मागता येतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तुमचे पेपर किंवा काम तपासू नये, तुमचा किंवा त्याचा वर्ग बदलावा, हजेरीत सूट देऊन रजा द्यावी, हे सगळं २०१५ च्या विनियमांत आहे. इतर प्रकरणांतही हीच मागणी लेखी करा. आणि कॉलेज सोडू नका. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीत आठ दिवस घरी राहिलात तरी पुढे "पोरगं येतच नव्हतं" हे कारण तयार होतं. जायचंच असेल तर रजेचा अर्ज देऊन जा.

घरच्या निरोपाचं दुखणं मोठं आहे. खेड्यातलं कॉलेज बहुधा गावच्याच वजनदार माणसाच्या संस्थेचं असतं. बाप त्याच्याच वावरात सालदार असतो किंवा काकाला त्याच्याच शब्दाने काम लागलेलं असतं. मग कोणीतरी येऊन बापाला म्हणतं, "पोरीले समजाव, वर्ष वाया जाईल." म्हणून अर्ज देण्याच्या आदल्या रात्री आईबापांना सगळं सांगा, अर्ज वाचून दाखवा आणि एक गोष्ट पक्की ठरवा: कोणी काहीही म्हणालं तरी घरचं कोणी कशावरही सही करणार नाही. अचानक कानावर आलं तर तेच घाबरतात. आधी कळलं असेल तर आपल्या लेकरामागे उभे राहतात.

धमकी आली तर ती नवी घटना समजा. पुन्हा टिपण, पुन्हा अर्ज, पुन्हा आवक क्रमांक.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

टप्पा ८: सुनावणीला जाताना

बोलावणं लेखीच मागा. तोंडी बोलावलं तर जा, पण परतल्यावर ई-मेल करा: "आज मला अमुक वाजता बोलावले, अमुक अमुक हजर होते."

टिपणाची वही सोबत न्या. माहीत आहे तेवढंच बोला. ऐकीव गोष्ट असेल तर "मी ऐकलं" असं म्हणा. मराठीत मोकळं बोलता येत नसेल, घरची बोली गोंडी, माडिया किंवा कोरकू असेल, तर ती बोली जाणणारा माणूस सोबत असावा अशी लेखी विनंती आधीच करा. समितीत समोरच्याचा नातेवाईक किंवा हाताखालचा माणूस बसला असेल तर हरकत त्याच दिवशी लेखी नोंदवा. निकाल विरोधात गेल्यावर घेतलेली हरकत कोणी मनावर घेत नाही.

जबाब लिहून झाला की शब्द न् शब्द वाचा. चुकीचा शब्द खोडून बाजूला सही करा, कोरी जागा राहिली असेल तिथे रेघ मारा, आणि मगच खाली सही करा. प्रत मागा.

सावधान: "इथंच मिटवू" म्हणून पुढे केलेल्या कागदावर त्याच खोलीत सही करू नका. एक दिवस मागून घ्या. लैंगिक छळाच्या तक्रारीत समेट फक्त तक्रारदाराच्या मागणीवरूनच होऊ शकतो, आणि पैसे देऊन तर नाहीच नाही.

टप्पा ९: निर्णय आला, किंवा आलाच नाही

निर्णय लेखी घ्या आणि मिळाल्याची तारीख त्यावर टाका. अपिलाची मुदत मोजायला ती लागते. तक्रार निवारण समितीचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करा. लोकपालाने ते ३० दिवसांत निकाली काढायचं असतं. भेदभाव-विरोधी अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील संस्थाप्रमुखांकडे, आणि अंतर्गत तक्रार समितीच्या शिफारशींवर ३० दिवसांत. अपिलात सगळी कहाणी नव्याने लिहू नका. समितीने कोणता पुरावा पाहिला नाही, कोणता साक्षीदार बोलावला नाही, तेवढंच मांडा.

मुदत उलटूनही उत्तर नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. अनुदानित कॉलेजलाही तो लागू आहे. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही लागत नाही. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. "माझ्या अर्जाचं काय झालं" असं विचारलंत तर "कार्यवाही सुरू आहे" एवढं एका ओळीचं उत्तर येईल. त्याऐवजी असं मागा: "माझ्या दि. ___, आवक क्र. ___ च्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या संपूर्ण नस्तीची, टिपणीच्या पानांसह, साक्षांकित प्रत." उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील. त्या नस्तीत तुमचा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर गेला ते दिसतं. लोकपालाकडे जाताना अर्जाच्या पोचेला तीच पानं जोडा.